डबा क्रमांक सतरा

भाद्रपदात भांडुपच्या खाडीवरचं तिवर करपलं.
आठ दिवसांत. आधी पानांची चाळण,
मग नुसत्या काड्या.
पंपिंग स्टेशनच्या वाटेवर फिरायला येणारे म्हणाले,
कुणीतरी रात्रीत औषध मारलंय, जागा मोकळी करायला.
जोमाकाका होडीतून मान वर न करता म्हणाला,
किडा हाय. दर वर्साला येतो. प्वाट भरला का जातो.

त्यातल्या चाळीस मी घरी आणल्या,
आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यांत,
झाकणांना सुईने भोकं पाडून.
लॅब शनिवार-रविवार बंद असते
आणि अळीला रविवार नसतो.
म्हणून कन्नमवार नगरातल्या आमच्या ओट्यावर
मिसळणाच्या डब्याला खेटून
एक ते चाळीस.
आई म्हणाली, एक जरी बाहेर दिसली
तर सगळ्या संडासात.

पान दोन वेळा बदलायचं. लेंड्या ब्रशने झाडायच्या,
वजन करायचं.
तिवराचं पान मागून पांढुरकं, चाटलं तर खारट.
(हे वहीत नाही.)
पहिल्या अवस्थेत डोकं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.
मी लिहिलं, खसखशीच्या दाण्यासारखं.
लोबो मॅडमनी लाल पेनने खोडलं:
उपमा नको, कस्तुरा. माप दे.

तर माप.
कात टाकायच्या आधी ती खाणं सोडते,
पानाची कड रेशमाने शिवून आत बसते.
जुन्या डोक्याचं टरफल गळून तळाशी पडतं.
ते चिमट्याने उचलायचं,
सेलोटेपखाली चिकटवायचं, तारीख घालायची.
माझ्या वहीत एकेका अळीची चार चार डोकी आहेत,
लहानापासून मोठं,
आणि पाचवं अजून खातंय.

पाचव्या अवस्थेत त्यांचा आवाज येतो.
दिवे घालवले की चाळीस डब्यांत
बारीक, कोरडी टपटप.
आई झोपेत म्हणाली,
बघ गं, नळाला पाणी आलं का.

सतरा नंबर सगळ्यांत खादाड.
तक्त्यात तिची रेघ इतरांच्या डोक्यावरून जायची,
मला तिचा जरा अभिमानच होता.
तेराव्या दिवशी ती पानात गेली.
मी लिहिलं, 'झोपली'. खोडलं.
लिहिलं, 'कोष, दिवस पहिला'.

सहाव्या दिवशी कोष फाटला
आणि बाहेर आलं ते पाखरू नव्हतं.
एक पांढरा, बिनपायांचा, बोथट किडा.
संध्याकाळपर्यंत आक्रसून तपकिरी कुपी झाला.
पुढच्या आठवड्यात कुपीचं टोपण उघडून
करडी, केसाळ माशी
डब्याच्या कडेवर बसून पाय चोळत होती.

माशीचं अंडं खाडीवरच चिकटलं होतं,
मी उचलायच्या आधी.
म्हणजे मी मोजलेली प्रत्येक भूक
दोघांची होती.
मॅडम फोनवर म्हणाल्या, अरे वा, छान नोंद!
मी हो म्हटलं. डबा धुवायला मात्र दुसऱ्या दिवशी घेतला.

हिशेब असा:
पाखरं तेवीस, मागचे पंख काळे, त्यावर नारिंगी डाग.
माश्या आठ. काळ्या पडून मेलेल्या आठ.
एकोणचाळीस.
एक कुठे गेली, मी आईला विचारलं नाही.
तक्त्यात लिहिलं, 'हरवली'.

खाडीवर तिवराला पालवी फुटली आहे.
फिरणारे आता कुत्र्यांबद्दल तक्रार करतात.

काल ऑक्टोबरचं पान काढायला गेले
तर सप्टेंबर भिंतीला चिकटलेलं.
खालचा कोपरा दुमडलेला, रेशमाने शिवलेला,
नेमका दुधाच्या हिशेबावर.
आत रिकामं टरफल. पाठीवर सरळ चीर,
पाखरू जाताना पडते तशी.

आई पोळी लाटत होती.
म्हणाली, दिसली होती मला.
मग थोड्या वेळाने:
पान नव्हतं गं तिच्याकडे.

वही उघडून बसले आहे.
तेवीसचे चोवीस केले.
'आश्रयवनस्पती' या रकान्यात काय लिहायचं,
मॅडमना विचारायला हवं.